कारण लिहिल्याशिवाय

आमच्या वहिनीला हट्टी म्हणणाऱ्यांनी तिचा हट्ट पुरता बघितलेलाच नाही. मी बघितलाय. मी तिची नणंद, आणि त्याच गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या काउंटरवर बसते. म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे ती माझ्याच वाट्याला. माझं ऐकून अख्खं गॅरेज तिला वहिनी म्हणतं, मालकसुद्धा.

वहिनी गाड्यांचं वायरिंग बघते. फ्यूज जळला की बाकीचे काय करतात? जुना उपटतात, नवा खोचतात, चला पुढची गाडी. हिचं तसं नाही. जळलेला फ्यूज ती भिंतीवरच्या पुठ्ठ्याला चिकटवणार, शेजारी गाडीचा नंबर लिहिणार आणि त्यापुढे कारण. कारण लिहिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणजे नाही. मालकाला त्या पुठ्ठ्याचा भारी राग. कामं तुंबतात म्हणायचा.

त्या दिवशी शाळेची व्हॅन आली, आठवड्यात तिसऱ्यांदा. आधी दोनदा दुसऱ्याच मेकॅनिकने नवा फ्यूज खोचून सोडलेली. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज. इथे उभी असली की सगळं ठणठणीत, पोरं भरून निघाली की गेलाच. शाळा सुटायला पाऊण तास उरलेला, ड्रायव्हर घायकुतीला आलेला. पंधरा अँपिअरच्या जागी तीसचा टाका, म्हणजे कटकटच मिटेल, असं त्याचं म्हणणं. मालकानेही मान डोलावली. वहिनी म्हणाली, तीसचा टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, आणि त्या वायरीवर पोरं बसतात.

मालकाचा पारा चढला. जुनं गिऱ्हाईक, त्याच्यासमोर बाईमाणसाने उलट बोलावं!

"तीसचा टाक," तो म्हणाला, "नाहीतर डबा उचल आणि घरी जा."

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, पाठीच्या दुखण्याने वर्षभर घरी पडून. माझ्या एकटीच्या पगारात घर कसं चाललं असतं? मनात म्हटलं, बाई गं, आज तेवढं गिळ.

"टाकत नाही," वहिनी म्हणाली. "आणि जातही नाही."

मग मालक माझ्याकडे वळला. हात पुढे करून तीसचा फ्यूज मागितला. डबी माझ्या गुडघ्यापाशीच, खणात. दहा वर्षांत मी त्या माणसाला कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं, "पण देणार नाही." खणाला टेकवलेला गुडघा मी हलवला नाही.

तोवर वहिनीने पंधराचा निळा फ्यूज बसवून ड्रायव्हरला ब्रेक दाबायला लावलं होतं. दिवे लागले. ती व्हॅनभोवती फिरली, आत डोकावली आणि थांबली. सगळ्यात मागे एक जादा बाक होतं. चार पोरं जास्त बसावीत म्हणून ड्रायव्हरने ते कुठूनतरी ठोकून आणलेलं.

"वन्सं, त्या बाकावर बसा बघू."

बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कुणाच्या कामी आलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि फट्दिशी दिवे गेले.

वहिनीने बाक उखडलं. त्याचा बोल्ट खालच्या वायरीच्या अगदी वर उतरवला होता. कुणी बसलं की तो वायरीत रुतायचा. सालपट फाटलेलं आणि भोवतीची चटई तळहाताएवढी करपलेली. ड्रायव्हरचं तोंड एवढंसं झालं. वहिनीने वायर बदलली, पंधराचाच नवा फ्यूज बसवला, बाक बाहेर ठेवलं आणि व्हॅन वेळेवर शाळेला गेली.

तुम्हाला वाटेल, मालकाने शाबासकी दिली. कसली! संध्याकाळी हात पुसत आला आणि म्हणाला, बरोबर असशील, पण चारचौघांत माझा शब्द मोडलास, उद्यापासून येऊ नकोस. मला मात्र ये म्हणाला. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला वहिनीने आपली पिशवी नेहमीच्या खिळ्याला अडकवली. मी शेजारीच उभी राहिले. जायचं तर दोघींनी, हे मी रात्रीच ठरवलं होतं. मालक केबिनमधून तरातरा बाहेर आला. वहिनीने शांतपणे पुठ्ठ्यावर काल शाळेच्या घाईत राहिलेला व्हॅनचा जळका निळा फ्यूज चिकटवला, नंबर लिहिला आणि त्यापुढे लिहिलं: पोरं बसली की बोल्ट वायरीत रुततो. त्याखालच्या ओळीत तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन मालकापुढे धरलं.

"मला का काढलंत ते इथे लिहा. लिहिलंत की जाते."

मालकाने पेन घेतलं. वरची ओळ वाचली, पुन्हा वाचली. सगळे मेकॅनिक हातातली कामं टाकून बघत होते. त्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन तिच्या हातात परत दिलं.

"त्या पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजत नाहीये," तो म्हणाला. "बघ जरा."

वहिनीच्या नावापुढची जागा अजून कोरीच आहे.