पंगतीचा कौल

तुयेच्या कारखान्यात जाणारा हा पोरगा मला रोज सकाळी पेडण्याच्या बसमध्ये भेटतो. शेजारी बसला की वाद सुरू. मध्येच देऊळ आलं की हात जोडतो, डोळे मिटतो आणि डोळे उघडताच अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो.

"देवाकडे माझा भांडण नाय, काका. ता तुमच्याकडे."

यंदा आमच्या गावच्या जत्रेच्या जेवणाला त्याने देवस्थान समितीलाच गाठलं. ढोल वाजवणाऱ्यांची पानं दरवर्षी मंडपाबाहेर का मांडता? "गोव्याचा वेगळा राज्य झाला, गावाची एक पंगत होयना?"

समितीने नेहमीची पळवाट काढली: देवाचा कौल घेऊ. पुजाऱ्याने मूर्तीला लावायला फुलाच्या पाकळ्या भिजवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"घेवा कौल," हा म्हणाला. "पण पयलो माझो घेवा. मी भितर बसू काय नको, ता इचारा. मागीर काकांचो, मागीर समितीचो."

मंडपात बसणाऱ्या आमच्याबद्दल देवाला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. भिजलेली पाकळी बोटांत धरून पुजारी समितीकडे बघत राहिला, समिती जमिनीकडे.

तोवर हा आपली पत्रावळ उचलून बाहेर, ढोलवाल्यांच्या रांगेत मांडी ठोकून बसलाही. मी वाढायला होतो. भाताची बादली हातात घेऊन तसाच दारात उभा. तो तिथून माझ्यावरच ओरडला,

"काका, देवाचो जबाब येयपर्यंत भात निवतलो. आदी हांगा वाढा!"