खिडकीतली जर्दाळूची फांदी

आत्याला झोपेचं भारी कौतुक. स्वतःच्या नव्हे, स्वतः ती उजाडायच्या आत उठून सगळ्या घराच्या उशाशी भांडी वाजवायची. कौतुक झाडांच्या झोपेचं. हिवाळ्यात जर्दाळूची झाडं पानं टाकून नुसत्या काटक्या होऊन उभी राहिली की नवख्याला वाटतं, मेली. आत्या म्हणायची, "मेली नाहीत हो, झोपलीत. आणि पुरती झोप झाल्याशिवाय उठवलंत तर तुमच्या पोरांसारखी किरकिर करतील." थंडी पोटभर मिळाली की कळी आतून तयार होते, मग ऊब लागताच उमलते. थंडी कमी पडली तर कितीही ऊब द्या, कळी वाळून गळून पडते. हे आत्याच्या घरच्या बागेला लागून ओळीनं असलेल्या बागांमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण पोटभर झाली की नाही, हे सांगणारी एकटी आत्या.

तिची रीत साधी होती. भर हिवाळ्यात बागेतल्या मधल्या झाडाची एक फांदी तिरपी कापायची आणि पाण्याच्या बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत, शेगडीच्या उबेला ठेवायची. फांदी फुलली, तर बाहेरच्या झाडांची झोप झाली. नाही फुलली, तर थोडं थांबून दुसरी कापायची. ओळीतल्या सगळ्या बागांत मिळून फवारणीचं एकच यंत्र होतं, आणि झाडांना एकदम जाग आणणारं औषध त्यात भरायचं ते आत्याची फांदी फुलल्यावरच. असं तिच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलं होतं.

लग्नानंतर वर्षाच्या आत आत्या माहेरी परत आली होती. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि सांगण्यासारखं असतं तर लोकांनी काढून घेतलंच असतं. परत आलेल्या बहिणीची धाकट्या भावाच्या घरात काय जागा असते ते वेगळं सांगायला नको. भावजय वाईट नव्हती, पण डबे तिचे, चाव्या तिच्या. आत्याची म्हणावी अशी एवढी एक खिडकी. हिवाळा आला की तिच्यासमोरून जाताना भले भले बागवाले थांबायचे आणि विचारायचे, "आत्या, काय म्हणते फांदी?" त्या प्रश्नावर ती उरलेलं वर्ष काढायची.

त्या साली हिवाळा नावालाच आला. पहिली फांदी बाटलीतच वाळली. दुसरीचीही तीच गत. धाकटा भाऊ आत-बाहेर करू लागला. त्यानं व्यापाऱ्याला सगळ्यांच्या आधी फळ देण्याचा शब्द दिला होता.

"ताई, अजून किती?" तो विचारायचा.

"झाडांना विचार. मी काय त्यांच्या स्वप्नात जाते?"

तिसरी फांदी मात्र फुलली. तीही कशी, बुडापासून शेंड्यापर्यंत. आत्या बघतच राहिली. बाहेर अंगावर स्वेटर नकोसा होत होता, मग ही फुलली कशी? तिला राहून राहून नवल वाटलं. पण माणसाला काय वाटतं ते सोडा, फांदी काय म्हणते ते बघा, हे तिनं जन्मभर लोकांच्या डोक्यात भरवलं होतं. आता तीच फांदीवर अविश्वास कशी दाखवणार? कापलेलं टोक तिनं बोटानं चाचपलं. तिरपा काप, तिच्याच हातचा वाटावा असा. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काढा यंत्र."

यंत्र सगळ्या बागांतून फिरलं. झाडं अर्धवट जागी झाली. एखाद्या शेंड्यावर चार पानं, कुठे एखादं फूल, आणि खाली वाळक्या कळ्यांचा खच. चालताना त्या पायाखाली करकरायच्या. फळ धरायचा प्रश्नच उरला नाही.

आत्यानं तोंड लपवलं नाही. ती दारोदार गेली आणि प्रत्येकाच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं." भाऊ सोबत होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो सांगायचा, "वय झालंय हो तिचं. पूर्वीसारखं नाही राहिलं. सांभाळून घ्या." त्याचे डोळे भरून यायचे. आत्याला वाटलं, भाऊ असावा तर असा.

पुढे एका दुपारी ती लोणी शोधत होती. फ्रिजचा खालचा खण ओढला. गाजरांच्या मागे ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं सोडून पाहिलं. जर्दाळूच्या फांद्या. तिरप्या कापलेल्या, कळ्या टपोऱ्या फुगलेल्या.

तिला सगळं उलगडलं. बाहेर नव्हती ती थंडी फांद्यांना इथे मिळाली होती, बाग पानं टाकत होती तेव्हापासून. त्यातली एक बाटलीत गेली आणि आत्यानं कापलेली बाटलीतून बाहेर. काप ओळखता आला नाही, कारण धाकट्याला फांदी कापायला तिनंच शिकवलं होतं, त्याचा हात आपल्या हातात धरून.

भाऊ जेवत होता. तिनं फडकं ताटाशेजारी ठेवलं. त्यानं पाहिलं, आणि खोटं बोलण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"व्यापारी दुसरीकडे गेला असता, ताई. मला वाटलं, थोडी कमी पडली थंडी तर औषध ओढून नेईल."

"मग मला सांगायचंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

भावजय पाठमोरी भांडी घासत होती. आत्यानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"वन्सं, फ्रिज माझाच ना," ती मान न वळवता म्हणाली. "आता घरातली गोष्ट घरात राहू द्या. आपलेच दात, आपलेच ओठ."

परक्यानं लुबाडलं असतं तर आत्यानं त्याचा उद्धार करून मन मोकळं केलं असतं. इथे केसानं गळा कापला होता, आणि वर तिच्याकडूनच गावभर माफी मागवली होती. भरलेल्या डोळ्यांनी! त्या डोळ्यांचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. ती तशीच, पायांत भावजयीच्या चपला अडकवून, मधवाल्याकडे निघाली.

मधवाला म्हणजे शेजारच्या बागेचा मालक. मधमाश्या पाळायचा, म्हणून ते नाव. नुकसान सगळ्यांत जास्त त्याचं झालं होतं आणि शब्दानं सगळ्यांत कमी तोच बोलला होता. अंगणात रिकाम्या पेट्या घासत होता. आत्यानं त्याला सगळं सांगितलं. फ्रिज, गाजरं, फडकं, व्यापारी. सांगता सांगता तिचा श्वास लागला, शब्द पुढे-मागे झाले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा मऊ होत गेला. तो उठला, हात पुसले आणि तिला बाकावर बसवून पाणी दिलं.

"फ्रिजमध्ये फांद्या," तो हळूच म्हणाला.

"हो. चला, दाखवते."

"कशाला, आत्या? अहो, आम्ही कुणी रागावलोय का तुमच्यावर? वय झालं की होतं असं. माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. पण कुणावर आळ घेऊ नये. सख्ख्या भावावर तर नाहीच नाही. किती करतो तो तुमचं!"

आत्यानं तोंड उघडलं. जे बोलेल ते त्याच खात्यात जमा होणार, हे तिला कळून चुकलं.

मधवाल्यानं तिचा दंड धरला आणि खड्डे चुकवत, अगदी जपून तिला घरापर्यंत आणलं. भाऊ दारातच उभा होता.

"जरा लक्ष ठेवा," मधवाला हलक्या आवाजात म्हणाला. "एकटं सोडू नका त्यांना."

"नाही सोडत," भाऊ म्हणाला, आणि त्यानं बहिणीचा दुसरा दंड धरला.