पुनाख्याच्या किल्ल्यात बाबा हरवले तेव्हा

सिंदेवाहीत आमच्या घरामागच्या शेतात धानाची रोवणी सुरू झाली की चिखलाचा वास खिडकीतून आत येतो आणि मला घरात बसवत नाही. भूतानमधली ती दुपार आठवते.

बाबांना घेऊन मी तिकडे सहलीला गेले होते. सकाळी एक मठ पाहिला, दुपारी पुनाख्याला आलो. तिथे किल्ला आणि मठ एकाच भिंतीत. लोण्याच्या दिव्यांपुढे हात जोडून मी वळले, तर बाबा शेजारी नव्हते. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये, तिथली भाषा त्यांना येत नाही आणि भिंतीखाली नदी धो धो वाहत होती. अंगणं, लाकडी जिने, सगळीकडे धावले. दिसेल त्या भिक्खूला खुणांनी विचारलं. बाहेर आमची बस हॉर्न देत होती.

शेवटी नदीवरच्या पुलापलीकडे, एका शेतात बाबा दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनोळखी बायकांच्या ओळीत वाकून ते धान रोवत होते.

"बाबा, किती शोधून राह्यली मी तुमाले!"

"काऊन वं? मी कुठी जातो?" ते हसले. "एवढी बांधी झाली का येतो."

शेताचा तेवढा तुकडा रोवून होईपर्यंत मी बांधावर उभी राहिले. त्यांच्यावरून नजर हलवली नाही.

ते सापडल्यावर किती बरं वाटलं, हे आता नीट आठवत नाही. त्या अंगणांतून धावणं तेवढं आठवतं. बाबा गेल्यापासून तर ते थांबतच नाही.