वर्तकांची ओहोटी

महादेव वर्तकांना कोणी मित्र होता, असं त्यांच्या ओळखीच्या एकाही माणसाने कधी सांगितलेलं नाही. थळला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. तिथे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी त्यांचं कुंपणावरून वैर होतं. तिसरी बाजू समुद्राची असल्यामुळेच ती सुटली होती. वाडी थोरल्या भावाकडे सोपवून ते रेल्वेत चिकटले, तेव्हा भावाने गावात पेढे वाटले. नोकरी लागली म्हणून वाटले की घर सोडलं म्हणून, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

रेल्वे म्हणजे खाडीकाठच्या मिठागरांपासून वरच्या मोठ्या लाईनला जाऊन मिळणारा एक लहानसा फाटा. आज तो नकाशात शोधू नये. पुढे लढाईच्या दिवसांत त्याचे रूळ उचलून नेले आणि भरावावर आता बाभळी आहेत. पण १९२३पासून चौदा वर्षं, त्या फाट्यावर गाडी कधी धावणार नाही, हे ठरवण्याचं काम वर्तकांकडे होतं. गाडी कधी धावेल हे ठरवणारा कारकून वेगळा होता, आणि तो लोकांना आवडायचा.

स्लीपर बदलायचे, रूळ उचलायचे, सिग्नलच्या तारा ओढायच्या, तर गाड्या थांबवाव्या लागतात. मिठाचे डबे रविवारी हलत नसत, म्हणून ही कामं शनिवारी दुपारनंतर नाहीतर रविवारी होत. कचेरीत त्याला ‘ब्लॉक’ म्हणत, खाडीकाठी नुसतं ‘बंद’. कोणत्या रविवारी, किती ते किती, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, कोणती टोळी, कोणती गाडी रद्द, याचा महिन्याचा तक्ता वर्तक करत. नेमक्या रविवारीच लोकांना कुठेतरी जायचं असे. गिरणीत कामाला असलेले गावकरी त्या दिवशी मुंबईला परतत, सोयरीक ठरवायला माणसं निघत, बायका माहेरी जात. फलाटावर डकवलेल्या नोटिशीखाली ‘म. वर्तक’ एवढीच सही असे आणि माणूस कोणी पाहिलेला नसे, त्यामुळे शिव्या सहीलाच मिळत. एका स्टेशनात कोणीतरी ती सही कोळशाने खोडून तिच्याखाली गाढव काढलं होतं. वर्तक तपासणीला गेले तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि स्टेशनमास्तरांना लेखी कळवलं की, नोटिशीवर चित्रं काढण्यास मनाई आहे. तक्रारींना त्यांचं उत्तर ठरलेलं असे: प्रवाशांनी सोमवारी प्रवास करावा.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. याच खुर्चीवरून निवृत्त व्हायचं. त्यांच्या आधीचा कारकून एक ब्लॉक फसला म्हणून घाटावरच्या स्टेशनात पार्सलं तोलायला गेला होता आणि तिथेच संपला. ती खुर्ची वर्तकांनी त्याच्याकडून घेतली होती. पार्सलांचा तराजू त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. बारा वर्षांत त्यांचा एकही ब्लॉक फसला नाही, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. त्यामुळे भेटणारे कमी झाले.

फाट्यावर अवघड जागा एकच होती, खाडीवरचा पूल. भरतीला पाणी त्याच्या खालच्या लोखंडी तुळयांना लागे. तिथलं काम पाणी पार उतरल्यावरच करता येई, आणि समुद्राला रविवार कळत नाही. इथे वर्तकांचं थळ कामाला येई. किनाऱ्यावरच्या पोराला येणारा हिशेब ते करत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि खाडीत आत पाणी चढायला आणखी पाऊण तास. हे सगळं ते एका काळ्या चोपडीत टिपून ठेवत आणि चोपडी कोणाला दाखवत नसत.

पुलाच्या कामाची टोळी कोंडाजीची. कोंडाजी पाटील खाडीकाठचा आगरी. त्याचा बाप त्याच पाण्यात मासे धरायचा आणि आजा त्याच पाण्यात बुडाला होता. या कोंडाजीला वर्तक दर महिन्याला कचेरीत बोलावून उभं करत आणि भरती किती वाजता येईल ते सांगत. कोंडाजी ऐकून घेई आणि जाई. एकदा पाणी उतरायची वाट पाहत टोळी काठावर भाकरी खात बसलेली वर्तकांना दिसली, तेव्हा त्यांनी अहवालात ‘टोळी आळशी आहे’ असं लिहिलं. कोणीतरी ते कोंडाजीला वाचून दाखवलं. त्यावर कोंडाजी काही बोलला नाही, आणि पुढची सात वर्षंही बोलला नाही.

१९३५ साली फाट्यावर नवे सिग्नल आले. पुलाच्या अलीकडे केबिन बांधली. तिच्यापासून पलीकडच्या सिग्नलापर्यंत तार न्यायची, ती पुलाच्या त्याच खालच्या तुळयांवर कप्प्या बसवून. तार वरून का नेली नाही, असं विचारू नये. नकाशा विलायतेत निघाला होता. तुळया सैल केल्या की वरून गाडी जाणार नाही, म्हणजे ब्लॉक आला. काम पाहायला इंजिनिअर साहेब स्वतः येणार होता. वर्तकांना त्याने बजावलं की, हा एक ब्लॉक नीट झाला पाहिजे, नाहीतर तक्ते करण्याचं काम मोठ्या कचेरीत जाईल आणि वर्तक घाटावर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

नेमके ऐन दिवाळीत वर्तक हिवतापाने आठ दिवस अंथरुणात पडले. नोव्हेंबरचा तक्ता तर निघायलाच हवा होता. तो त्यांचा मदतनीस दत्तात्रेय पाठक याने केला. पाठक वाईचा. त्याने कृष्णा नदी पाहिली होती आणि ती दिवसभर एकाच दिशेने वाहते. वर्तकांच्या टेबलाचा खण उघडून त्याने चोपडी काढली. दहा नोव्हेंबर, रविवार, यापुढे वर्तकांच्या अक्षरात टिपलं होतं: ‘पौर्णिमा. ओहोटी १२.’

पाठकाला आनंद झाला. ओहोटी बाराला, म्हणजे बारा वाजता खाडी रिकामी. अलीकडे-पलीकडे दोन-दोन तास धरून त्याने ब्लॉक लावला सकाळी दहा ते दुपारी दोन. इंग्रजीत शेरा लिहिला: लो वॉटर, बारा वाजता.

आता थळला, किंवा अख्ख्या किनाऱ्यावर, ‘ओहोटी बाराला’ म्हणजे बाराला ओहोटी लागते. तेव्हा खाडी काठोकाठ असते आणि पाणी फिरतं. रिकामी व्हायला पुढे सहा तास. हे कोणी कोणाला समजावत नाही, कारण ज्याला समजावावं लागतं तो किनाऱ्यावर राहत नाही.

वर्तक तापातून उठून कचेरीत आले. तक्ता सहीसाठी पुढे आला. पाठकाच्या कामात चूक असणारच, या खात्रीने त्यांनी तो शब्दन् शब्द तपासला आणि स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या. त्यातली एक ‘वॉटर’मध्ये होती. ती लाल शाईने दुरुस्त केली, पाठकाला शाळेत काय शिकवलं होतं याची चौकशी केली, आणि खाली सही केली. वॉटरचं स्पेलिंग त्यांना दिसलं, वॉटर दिसलं नाही.

नोटीस डकवली गेली. मास्तरांनी ती कोंडाजीला वाचून दाखवली. त्याने दोनदा वाचायला लावली आणि मग विचारलं, खाली सही कोणाची आहे? वर्तकांचीच, हे पक्कं झाल्यावर तो घरी गेला. मधे चार दिवस होते. त्या चार दिवसांत तो कचेरीवरून रोज जाई, पण आत आला नाही.

रविवारी दहा वाजता लाईन बंद झाली. साहेब, वर्तक आणि पाठक ट्रॉलीवरून पुलाशी आले. पाणी तुळयांना लागलं होतं आणि अजून चढत होतं. काठावर कोंडाजीची सोळा माणसं ओळीने बसली होती. बोल्ट सैल करायचे पाने, कप्प्या, तारेची वेटोळी समोर एखाद्या पूजेच्या सामानासारखी मांडलेली. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी विडी ओढत होतं.

साहेबाने खाडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग वर्तकांकडे. वर्तक खाडीकडे पाहत राहिले. त्यांना सगळं कळायला तेवढा वेळ पुरला.

“कामाला का लागला नाहीस?” त्यांनी कोंडाजीला विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“हुकूम दहाचा, आमी दहाला हजर हाव,” कोंडाजी बसल्या जागेवरून म्हणाला. “ओहोटी बाराला येनार हाय असं कागदात हाय. वाट बघतो. बसलेलं दिसलो तर आळशी लिवा.”

टोळीतलं कोणी हसलं नाही. हसले असते तर वर्तकांना बरं वाटलं असतं.

मग जे व्हायचं ते झालं. वर्तक म्हणाले की तक्ता पाठकाने केला. पाठकाने पिशवीतून काळी चोपडी काढली. ती त्याने बरोबर आणली होती, यावरून तो वाटतो तितका साधा नव्हता हे दिसतं. साहेबाला मराठी जेमतेम येत होतं. एकाच शब्दाचे दोन कारकून दोन अर्थ सांगतात म्हटल्यावर त्याने दोघांनाही गप्प केलं आणि कोंडाजीला विचारलं, या माणसाने लिहिलंय ते बरोबर की चूक?

वर्तकांची खुर्ची अशी कोंडाजीच्या तोंडात जाऊन बसली. तो नुसतं ‘चूक’ म्हणाला असता तरी पुरे होतं. चोपडीतली ओळ त्याला पुन्हा वाचून दाखवली. तो उठून उभा राहिला, धोतराची माती झटकली.

“ओहोटी बाराला म्हंजे बाराला पानी फिरतं. बराबर लिवलंय,” तो म्हणाला. “लिवताना वर्तकराव थळचे व्हते. सही करताना कुठचे व्हते, ते त्यांनाच इचारा.”

पाठकाने हे साहेबाला इंग्रजीत सांगितलं आणि या वेळी भाषांतरात काहीही गाळलं नाही.

वर्तकांना विचारलं गेलं. त्यांनी चोपडी पाठकाच्या हातून घेऊन मिटली. साहेबाने मग कोंडाजीलाच वेळ विचारली. तो म्हणाला, साडेतीनला तुळया मोकळ्या होतील, आठच्या आत काम उरकतो, पण संध्याकाळची गाडी सोडू नका. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. खाडीपलीकडच्या महादेवाची दीपमाळ बघायला अख्खा काठ त्या गाडीने जाणार होता, आणि गिरणीवाले परतणार होते ते वेगळेच. साहेब म्हणाला, लोकांना सांगायला वर्तक जातील.

दोनला लाईन तासाभरासाठी उघडली आणि तीनला पुन्हा बंद झाली. तीन ते आठ वर्तक फलाटावर उभे राहिले. सही प्रथमच माणसाच्या रूपात पाहायला मिळाल्यामुळे लोकांनी संधी वाया घालवली नाही. कोणी म्हणालं, नावाचा महादेव खऱ्या महादेवाला भेटू देत नाही. गिरणीवाल्यांनी उद्याच्या खाड्याची चिठ्ठी त्यांच्याकडून मागितली. वर्तकांनी खाडीचं कारण दिलं, तेव्हा पणत्यांची दुरडी घेऊन बसलेली ठमाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, “खाडी काय काल आली व्हय रं भटा?” आणि फलाटावरच्या बाकाशी ओळीने पणत्या लावून तिने तिथेच वाती पेटवल्या. इतरांनीही लावल्या. वर्तकांनी कर्तव्य म्हणून सांगितलं की, फलाटावर दिवे लावण्यास मनाई आहे. त्याचा उपयोग व्हावा अशी त्यांचीही अपेक्षा नसावी. पावणेआठला पलीकडचा नवा सिग्नल पडला आणि गाडी सुटली. दीपमाळ तोवर विझली होती.

आठवड्याने साहेबाचा हुकूम आला. चोपडी बरोबर ठरली होती आणि काम पुरं झालं होतं, म्हणून वर्तक खुर्चीवरच राहतील. मात्र यापुढे पुलाच्या प्रत्येक तक्त्यावर वर्तकांच्या सहीशेजारी कोंडाजी पाटील याचा अंगठा असेल. त्याखेरीज तक्ता निघणार नाही.

वर्तकांना जे हवं होतं ते असं मिळालं. दर महिन्याच्या वीस तारखेला कोंडाजी कचेरीत येई. अंगठा देणाऱ्याला उभं ठेवू नये, असं हुकमात कुठेही नव्हतं, पण पाठक त्याच्यासाठी खुर्ची सरकवी. वर्तक तक्ता मोठ्याने वाचत. ऐकून झालं की कोंडाजी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी: “पानी फिरतंय का सरलंय?” लिहिलेली वेळ ओहोटी लागण्याची की पाणी पार उतरण्याची, ते वर्तक सांगत. मग ते शाईची गादी उघडून पुढे करत आणि कोंडाजी सावकाश, चारी बाजूंनी अंगठा फिरवून उमटवी. खाडीकाठी भलत्या वेळी आलेल्या पाहुण्याला तोवर ‘वर्तकांची ओहोटी’ म्हणायला लागले होते.

वीस एप्रिल १९३७ला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, पुढच्या महिन्याचा तक्ता घेऊन वर्तक बसले. कोंडाजी आला, बसला, ऐकलं. त्या दिवशी तरी तो प्रश्न विचारणार नाही, असं पाठकाला वाटलं होतं.

“फिरतंय का सरलंय?”

“सरलंय,” वर्तक म्हणाले.

कोंडाजीने अंगठा उठवला, वर्तकांच्या टेबलावरच्या टिपकागदाला पुसला आणि गेला. वर्तकांनी शाईची गादी मिटून कोटाच्या खिशात घातली आणि संध्याकाळच्या गाडीने ते थळला गेले.

गादी कंपनीच्या मालकीची होती. ती परत करावी, असं पाठकाने त्यांना तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढचे तीन महिने पुलाचा एकही तक्ता निघाला नाही. दुसरी गादी मागवण्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत पुलावरून रविवारच्या सगळ्या गाड्या वेळेवर धावल्या.