पहिलं पाणी मागच्याचं

आधीच सांगून टाकते — मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लिंबू-मिरची, अमावस्या, मांजर आडवं जाणं... यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचते, आणि कॉमेंटमध्ये एकदोघांची खेचलीही आहे. तेव्हा आता तुम्ही माझी खेचलीत तर माझी तक्रार नाही.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. मी, नवरा शिरीष आणि सासरे, म्हणजे आप्पा. आप्पांना व्यसन एकच, झऱ्याचं पाणी. नेरे गाव ओलांडून माथेरानच्या पायथ्याकडे निघालं की एक ठाकरवाडी लागते. तिच्या वरच्या अंगाला, उंबराखाली, खडकातून झरा येतो. (वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे वडापावची गाडी लागेल!) झऱ्याला बांबूची पन्हळ लावली आहे आणि खाली गुरांसाठी दगडी डोण आहे. दर रविवारी आप्पा काठी सांभाळत माझ्या स्कूटीवर मागे बसत आणि आम्ही आठवड्याचं पिण्याचं पाणी भरून आणत असू. मी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून म्हणायचे, "आप्पा, नळाचं काय नि हे काय, शेवटी एचटूओच." त्यावर आप्पांचं ठरलेलं उत्तर — "तुझ्या मीटरला जीभ आहे का?"

तिथला एक रिवाज आहे. आपण भरलेलं पहिलं भांडं आपलं नसतं. मागे जो उभा असेल त्याचं. मागे कुणी नसेल तर ते डोणीत ओतायचं, गुरापाखरांसाठी, आणि मगच आपलं भरायचं. आप्पा हे काटेकोर पाळत. मी त्यांच्या समाधानासाठी पाळायचे.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा तापाने आडवे झाले. हॉस्पिटलात बरेच दिवस काढून घरी आले ते नुसता सांगाडा होऊन. ताप गेला होता, पण पाणी पोटात जाईना. नळाचं दिलं, थुंकले. फिल्टरचं दिलं, थुंकले. उकळून गार केलेलं, वाळा घातलेलं... तेच. शिरीषने तर अक्कल चालवली. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या आणून झऱ्याच्या कॅनमध्ये ओतल्या आणि जणू आत्ताच डोंगरावरून आल्यासारखा ग्लास पुढे केला. आप्पांनी एक घोट तोंडात घोळवला, वाटीत थुंकला आणि म्हणाले, "बापाला फसवतोस?"

डॉक्टर सकाळी येऊन गेले. म्हणाले, किडनीवर ताण यायला लागलाय, संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर परत ॲडमिट करा. आप्पांनी ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर माझा हात धरून एवढंच म्हणाले, "त्या खाटेवर परत गेलो तर मी काही घरी येत नाही गं." मला रडू आलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला बाप मिळाला तो या घरात आल्यावर. मी कॅन उचलला आणि निघाले.

टळटळीत दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाडीखाली स्कूटी लावून वर चढताना लक्षात आलं की घाईत कॅनचं झाकण ओट्यावरच राहिलं! स्वतःला शिव्या घालत उंबरापाशी पोचले.

पन्हळीशी एक बाई उभी होती. ठाकरणी नेसतात तसं गुडघ्यापर्यंत लुगडं, उन्हासाठी पदर पुढे ओढलेला, शेजारी रिकामी कळशी. आणि पन्हळीतून पाण्याची चांगली अंगठ्याएवढी धार पडत होती. मला भीती-बिती काही वाटली नाही. हायसं वाटलं — चला, पाणी आहे! मी तिच्या मागे उभी राहिले.

मागे न बघताच तिने हात मागे केला. "आन."

हात सुरकुतलेला, मनगटापर्यंत गोंदलेला. मी म्हटलं, "आधी तुमची कळशी भरा ना."

"पयलं पानी मागच्याचं. ठाव नाय व्हय?"

मी कॅन दिला. तो भरेपर्यंत म्हणाली, "काठीवाला म्हातारा येत नाय आता."

"आजारी आहेत हो. पाणीच पीत नाहीत."

"पील," ती म्हणाली. बस, एवढंच. कॅनला झाकण नाही हे बघून उंबराची चार पानं तोडली, त्यांचा बोळा करून तोंडाशी घट्ट बसवला आणि कॅन माझ्या हातात दिला. मी आभार मानून जवळजवळ पळतच खाली आले. चेहरा मी पाहिलाच नाही.

घरी आप्पांना चमच्याने पाणी दिलं. एक चमचा... दोन... मग त्यांनी ग्लासच ओढून घेतला आणि गटागट रिकामा केला. शिरीष दाराशी उभा राहून डोळे पुसत होता. आप्पा मिशी पुसत म्हणाले, "पुढे कोण होतं गं?"

मी घरात तोवर कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिरीष आणि मी जास्तीचे कॅन घेऊन गेलो. उंबर होता, डोण होती, झरा नव्हता. खडक कोरडाठाक. डोणीत वाळका पाचोळा, पन्हळीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. मी खडकाला हात लावून बघितला, तापला होता.

वाडीतली बुधीबाई आम्हाला ओळखते. ती म्हणाली, "आवो ताई, झरा कवाच आटलाय. तुमचा म्हातारा यायचा बंद झाला नं, त्याच्या मागोमाग. आमी समदी खाली टँकरवर जातो." मी कालच्या बाईचं वर्णन केलं. तिने जरा विचार केला. "आमच्यातली नाय कोनी. पर पानी दिला ना? मंग झालं तर."

परतताना शिरीष म्हणाला, "तुला ऊन लागलं असेल." मी म्हटलं, "ऊन लागून कॅन भरतो का?" घरी आल्यावर उरलेल्या पाण्यात मीटर बुडवला. नळाचा आकडा मला माहीत आहे, झऱ्याचा पाठ आहे. झऱ्याचाच आला. उंबराची पानं ओट्यावर होती, हिरवीगार.

तो एक कॅन आप्पांना पुरला. तो संपेपर्यंत तोंडाला चव आली आणि मग नळाचं पाणीही, नाक मुरडत का होईना, पोटात जाऊ लागलं. खाटेवर परत जावं लागलं नाही. पावसाळ्यानंतर झरा पुन्हा वाहू लागला आणि आप्पा काठी टेकत स्वतः वर चढले.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. वर्गात पोरांना म्हणते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. याचं मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगू? मी शोधायचंही सोडलंय. जी कोण होती, तिने माझा बाप मला परत दिला. आभार मानले ते तिला ऐकू गेले की नाही, एवढीच रुखरुख आहे.

म्हणून आता रविवारी पहिला कॅन भरला की मी मागे बघत नाही. नुसता हात मागे करते, थोडी थांबते, कुणी घेतलं नाही तर डोणीत ओतते. मागच्या वेळी आप्पा शेजारच्या दगडावर बसले होते. म्हणाले, "जरा जास्त वेळ थांबत जा गं. म्हातारं माणूस आहे, चढण चढून यायला वेळ लागतो."

थांबते.