घाटातली डबल बेल

कोकणात जायचं कसं, यावर दिवाळीआधी आठ दिवस आमच्या घरी नुसती खडाजंगी चालली होती. कशासाठी जायचं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. गणपतीत नाशिकहून कोकणात जादा गाड्या सुटायच्या, त्या ते हौसेने मागून घ्यायचे आणि परत आले की आईला श्रीवर्धनचा समुद्र तोंडाने दाखवायचे. रिटायर झालो की तुला मी स्वतः गाडी चालवत नेतो, असा शब्दच दिला होता त्यांनी. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत काचबिंदूने गाठलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. आईने त्यानंतर समुद्राचं नाव काढलं नाही, पण दिलेला शब्द आण्णांना आत टोचत होता. मला दिसायचं ते.

भावाने फोनवरून विमान सुचवलं. ओझरहून गोवा, मग टॅक्सीने उलटं वर यायचं. आण्णा म्हणाले, हा द्राविडी प्राणायाम त्यालाच लखलाभ. रेल्वेने जायचं तर आधी कल्याण, मग पनवेल, मग माणगावला उतरून पुढची सोय बघा. आईचे गुडघे स्टेशनचे जिने नुसते बघूनच दुखायला लागतात. एसटीचं म्हणाल, तर आण्णा ड्रायव्हरच्या मागे बसून सबंध प्रवासभर पायाने जमिनीवर ब्रेक दाबतात आणि पुढचा माणूस वैतागतो. भाड्याची गाडी तर त्यांना चालतच नाही, घाटात परक्याच्या हाती जीव कोण देणार?

राहिले मी. सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, रोज स्वतः गाडी चालवत जाते, आणि राग माझ्या नाकावर असतो. म्हटलं, मी नेते. पेपरातून मान वर न करता आण्णा म्हणाले की सातपूरचं सर्कल म्हणजे घाट नव्हे. अंगाची नुसती लाही लाही झाली. तेवढ्यात आई म्हणाली, मी जाते हिच्याबरोबर, तुम्ही बसा पेपर वाचत. मग आण्णा निमूट पिशवी भरायला उठले.

पहाटे निघालो. सिन्नर, संगमनेर, चाकण सगळं मागे पडलं, आणि माझ्या शेजारच्या सीटवर आण्णा पायाने ब्रेक दाबत बसले होते. मुळशीचं पाणी दिसलं तेव्हा आई लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली. पुढे ताम्हिणीचा उतार लागला आणि मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये शिकलेलं शहाणपण काढलं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं. त्र्यंबक रोडवर ते रोज खपायचं.

आण्णांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. गिअर काढलास का, त्यांनी विचारलं. मला येतं हो, मी फटकारलं. पुढच्या वळणांवर ब्रेक दाबून दाबून पाय भरून आला, मग जळका वास आला आणि ब्रेक मऊ लागायला लागला. कशीबशी गिअर टाकून कडेच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली. चाकातून धूर येत होता.

“आण्णा, मला नाही जमायचं. खालून कुणी ड्रायव्हर मिळतो का बघू, नाहीतर मागे फिरू.”

आता माझी चामडी सोलणार, याची मला खात्री होती. आण्णा खाली उतरले, चाकाजवळ हात नेऊन धग बघितली. मी पाण्याची बाटली काढली तर नको म्हणाले, आपोआप गार होऊ दे. आईने चिवडा काढला. चिवडा खाता खाता त्यांनी सांगितलं की नोकरीच्या पहिल्या वर्षी कसारा घाटात, भरल्या गाडीनिशी, त्यांनीही हेच केलं होतं. हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, “ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. बस, एवढंच.”

तासाभराने ते गाडीत बसले, पण मागे, आईशेजारी. मी किल्ली फिरवली आणि तशीच थांबले. धीर होत नव्हता. मागून काचेवर आवाज आला, टक टक. दोनदा.

एसटीत डबल बेल कंडक्टर देतो, आणि ती मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आण्णांनी जन्मभर ती घेतली होती, कुणाला दिली कधीच नव्हती. मी डोळे पुसले आणि दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरत राहिलं, ब्रेकला जेमतेम पाय लागला, आणि घाट कधी संपला ते कळलंही नाही.

संध्याकाळी श्रीवर्धनच्या पाण्यात आई घोट्यापर्यंत उभी होती, गुडघे बिडघे सगळं विसरून. आण्णा शेजारी. ती त्यांना चिडवत म्हणाली, “स्वतः चालवत नेणार होता ना? शेवटी गाडी पोरीनेच आणली.”

“मग? बेल मी दिली,” आण्णा म्हणाले.

शेजारच्या शहाळेवाल्याला काही कळलं नाही. त्याला बिचाऱ्याला आण्णांनी सगळा घाट पहिल्यापासून सांगितला, प्रत्येक वळण आणि माझा दुसरा गिअर. धुराचं तेवढं गाळलं.