वरचे पाद्री, खालचे पाद्री

"मास्तर, त्या भांडणाच्या दिवसांतलं काहीतरी सांगा की!" असं कुणी म्हटलं की मी आधी नाहीच म्हणतो. तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं हो. पण एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा आठवतो, आणि दुसरा संपायच्या आत आमची रोझा आतून ओरडते, "तो स्मशानाचा सांगितला का?" गावातल्या चर्चच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली आणि सणावाराला फिडल वाजवली, एवढंच माझं आयुष्य. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

आधी भांडण काय ते सांगतो. ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव. पाटलांची आणि आणखी चार घरं सोडली तर सगळे पोर्तुगीजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती. वरच्या आळीत शेतकरी, खालच्या आळीत कोळी आणि मिठागरवाले. टेकडीवर दगडी चर्च, तिथं गोव्याहून आलेले पाद्री. मग वर कुठंतरी मोठ्या लोकांत वाद लागला, की आमचं गाव गोव्याच्या बिशपांचं का मुंबईच्यांचं! त्या वादात गाव मधोमध फुटलं. खालच्या आळीनं झावळ्यांचं छप्पर घालून आपलं वेगळं चर्च उभं केलं आणि मुंबईहून एक गोरा, तरुण पाद्री आणला. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, तीच, पोप तोच. पण वरचे म्हणायचे खालच्यांचं लग्न खरं नाही, आणि खालचे म्हणायचे वरच्यांचा बाप्तिस्मा खरा नाही.

मी वरचा. रोझा खालची. तिचा बाप पास्कूबाबा हा तर खालच्यांचा म्होरक्या. म्हणजे भांडण माझ्या चुलीपर्यंत आलेलं!

*

पहिल्याच उन्हाळ्यात डोकी फुटली. खालचे लोक वरच्या चर्चमधली मूर्ती न्यायला आले. वरच्यांनी दाराला कुलूप घालून किल्ली दडवली. दगड सुरू झाले. ठाण्याहून फौजदार आला, घामानं निथळत. त्यानं दोन्हीकडच्यांना वडाखाली बसवलं.

"तुमचा देव वेगळा का?"

"नाय साहेब, एकच."

"मंत्र वेगळे?"

"तेच."

"पोथी?"

"तीच."

फौजदारानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पाटील शेजारीच उभे होते. फौजदार त्यांच्याकडे वळला. "पाटील, मग ह्यांच्यात फरक कशाचा हो?"

पाटलांनी जरा विचार केला. म्हणाले, "किल्लीचा, साहेब!"

*

उन्हाळा आला की भांडणाला ऊत यायचा. कारण आमचा सगळा धर्म उन्हाळ्यातला. शेतं रिकामी, म्हणून लग्नं तेव्हाच, लदीनीच्या प्रार्थना तेव्हाच आणि पोरांची दोत्रीनही तेव्हाच. दोत्रीन म्हणजे धर्माचे सवाल-जवाब. ते पाठ झाल्याशिवाय पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, नाही.

सकाळी मी वर दोत्रीन शिकवायचो. एकदा लक्षात आलं, की मी न शिकवलेले जवाबही पोरांना येतायत! चौकशी केली. खालचे पाद्री संध्याकाळी दोत्रीन घ्यायचे आणि शिवाय पोरांना गूळ-खोबरं द्यायचे. माझी निम्मी शाळा दोन्हीकडे जात होती.

हे वरच्या पाद्रींच्या कानावर गेलं. म्हातारे होते, उंच, आवाज करडा. रविवारी मिस्सेनंतर त्यांनी सगळ्या आईबापांसमोर पोरांना उभं केलं. "जे खाली जाऊन आलेत त्यांना कम्युनियन नाही!" आया रडायला लागल्या. नवे कपडे शिवून झालेले, पाव्हणे बोलावलेले. पाद्रीबाबांनी समोरच्या पहिल्याच मुलीवर बोट रोखलं. ती सायमन सुताराची लुसी, सात वर्षांची.

"देव किती?"

"एक."

"पोप किती?"

"एक."

"आणि पवित्र चर्च किती?"

पुस्तकातला जवाब 'एक'. मी तिला रोज तोच घोकवलेला. पण लुसीनं दारातून खाली बघितलं, मग वर आढ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"दोन," ती म्हणाली. "पण ह्याचं छप्पर गळतं!"

पाद्रीबाबांनी स्वतःच वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कम्युनियन सगळ्यांना मिळालं. पुढच्या आठवड्यात सायमनला कौलं फिरवायला बोलावलं.

*

मग लदीनीचा किस्सा.

मे महिन्यात आम्ही दर संध्याकाळी गावच्या खुरिसापुढे जमायचो. खुरीस म्हणजे दोन आळ्यांच्या मध्ये रस्त्यावर उभा असलेला दगडी क्रूस. त्याला फुलांच्या माळा घालायच्या, मेणबत्त्या लावायच्या, एकानं संतांची नावं लॅटिनमधून गायची आणि सगळ्यांनी 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', म्हणायचं. तीच लदीन. शेवटी उकडलेले चणे वाटायचे.

खुरीस एकच, आणि आळ्या दोन! खालच्यांनी निरोप पाठवला, "यंदा लदीन आम्ही घालणार." वरच्यांनी उलटा निरोप पाठवला, "येऊन तर बघा." त्या संध्याकाळी रोझानं फिडल माझ्या हातून काढून घेतली. "जाऊ नको. तुमच्या लोकांनी काठ्या नेल्यात, आमच्यांनी वल्ही आणलीयत." मी म्हटलं, "फिडल नसेल तर काठ्याच वाजतील." गेलो.

खुरिसाच्या ह्या बाजूला आमचे, त्या बाजूला त्यांचे. बायका-पोरं मागं. आमचा सायमन गाणारा, त्यांचा पास्कूबाबा. सायमननं मला डोळ्यानं खूण केली आणि मी सूर धरला. त्याच सुरावर तिकडून पास्कूबाबानंही सुरू केलं! सायमन एका संताचं नाव घेतोय, पास्कूबाबा दुसऱ्याचं. दोघंही गळ्याच्या शिरा ताणून. आता पडणार काठी, आता पडणार वल्हं.

आणि नाव संपलं की दोन्हीकडची माणसं काय म्हणतात? "ओरा प्रो नोबिस!" एका आवाजात! दुसरं काही म्हणायला येतच नव्हतं. सायमननं आवाज चढवला. "ओरा प्रो नोबिस!" पास्कूबाबानं त्याहून चढवला. "ओरा प्रो नोबिस!" इतका भरघोस जवाब आमच्या गावानं आयुष्यात दिला नव्हता. कोण कुणाला जवाब देतोय ते त्या खुरिसालाही कळलं नसतं.

लदीन संपली. तरी कुणी जागचं हलेना. काठ्या हातातच. शेवटी एक कोळीण आपल्या नवऱ्यावर खेकसली, "आता काय मारामारी मराठीत करनार कं? चणे थंड व्हतान!"

*

आता रोझाचा तो स्मशानाचा.

खालच्या आळीतली आग्नेस म्हातारी मे महिन्याच्या भर उन्हात गेली. खालच्यांनी चर्च बांधलं होतं, पण स्मशान बांधायला जमीन नव्हती. गावचं स्मशान वरच्या चर्चच्या आवारात. शवपेटी टेकडीवर आणली, तर दाराला कुलूप!

पाद्रीबाबा आत उभे. "ती माझ्या कळपातली नाही. मला वरून हुकूम आहे."

"तिचा नवरा आत पुरलाय!"

"हुकूम आहे."

दुपार झाली. पेटी उन्हात. म्हातारीची लेक पेटीवर पदराची सावली धरून उभी होती, हलायला तयार नव्हती. खालचे तरुण कोळी दार तोडायचं म्हणून लाकडाचा ओंडका घेऊन आले. वरचे भिंतीवर चढून बसले. पास्कूबाबा दाराशी उभा राहून म्हणाला, "अर्धा तास थांबतो. मग मी नाही, ही पोरं बघतील." मी जावई म्हणून मध्ये पडायला गेलो, तर तो म्हणाला, "मास्तर, बाजूला हो. आज मी तुझा सासरा नाही."

तेवढ्यात आमच्या वरच्या आळीतली ब्रिजितमावशी गर्दीतून पुढे आली. सत्तरीची बाई, कमरेत वाकलेली. तिनं गजांतून पाद्रीबाबांना विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या बाजूची जागा माझीच ना?"

"तुझीच."

"मी तुमच्याच कळपातली ना?"

"हो."

"मग ती जागा मी आग्नेसला दिली."

पाद्रीबाबा गडबडले. "अगं, तू कुठं जाशील? नवऱ्याशेजारी परकी बाई झोपवतेस?"

"झोपू दे, बाबा!" ब्रिजितमावशी म्हणाली. "जल्मभर तिचा डोळा होता त्याच्यावर. आता एकदाची बघू दे, कसा घोरतो तो!"

पहिली हसली ती पेटीवर पदर धरलेली लेक. हसता हसता खाली बसली आणि मग हंबरडा फोडून रडली. पाद्रीबाबांनी कुलूप उघडलं. आग्नेसला तिच्याच नवऱ्याजवळ पुरलं. पण प्रार्थना म्हणायला खालच्या पाद्रींना आत सोडलं नाही, तेव्हा ते भिंतीबाहेर उभं राहून म्हणाले. भिंत तशी कमरेएवढीच होती.

*

सायमनच्या पुतण्याचं खालच्या मुलीवर मन बसलं. दोन्ही पाद्रींनी लग्न लावायला नकार दिला. मुलीचा भाऊ म्हणाला, "ती वर गेली तर तंगडं तोडीन." शेवटी दहा माणसं आगगाडीत बसून कल्याणला गेली. तिथं रेल्वेच्या कामगारांसाठी एक पाद्री येत असत. त्यांच्या कानावर आमच्या गावाची कीर्ती गेलेलीच होती. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे?"

सगळे नवऱ्यामुलाकडे बघायला लागले. चुकीचं बोललं तर लग्न बोंबललं!

"खिडकीच्या, फादर," तो म्हणाला. "वारा बरा येतो!"

*

आणि मग पटकीचा उन्हाळा.

विहिरी तळाला गेल्या होत्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खालच्या आळीत दोन माणसं दगावली, मग वरच्या आळीत एक. लदीन बंद, लग्नं बंद. एका सकाळी रोझाचा भाऊ धावत आला. पास्कूबाबाला उलट्या-जुलाब सुरू झाले होते. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली आणि आवाज फुटत नव्हता.

"पाद्री," तो पुटपुटला. मरायच्या आधी पाद्रीपुढे पापं कबूल करायची, ही आमची रीत.

खालचे पाद्री आदल्याच दिवशी कल्याणला गेलेले, तिकडेही पटकीच होती. परत यायला संध्याकाळ झाली असती. दुपारपर्यंत बाबा राहतो की नाही, अशी गत. रोझानं मला अंगणात ओढलं. "वरच्यांना आण."

"अगं, बाबानं शपथ घेतलीय! त्यांचं तोंड बघणार नाही म्हणून!"

"बाबा पापं पोटात घेऊन मरेल, मास्तर. तू आण. काय सांगायचं ते सांग."

मी टेकडी धावत चढलो. वाटेत सारखं वाटत होतं, हे येणारच नाहीत. भांडणाआधी पाद्रीबाबा दर रविवारी पास्कूबाबाकडे जेवायचे. दोघं मिळून खाडीत गळ टाकून बसायचे. आणि त्यानंतर इतक्या वर्षांत एकमेकांच्या सावलीला उभे राहिले नव्हते. धापा टाकत मी सगळं सांगितलं. पाद्रीबाबा जेवायला बसले होते. हात न धुताच उठले. मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागले. खालच्या आळीत लोक दारादारात येऊन उभे राहिले. कुणी अडवलं नाही.

झोपडीत अंधार केलेला होता. पास्कूबाबानं डोळे किलकिले करून विचारलं, "कोन आला?"

मी पाद्रीबाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तुमचे पाद्री, बाबा."

आम्ही सगळे बाहेर आलो. उन्हात उभे राहिलो. आतून फक्त बाबाची कुजबुज ऐकू येत होती, मध्ये थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. माणसाला पाणी गिळायची ताकद नाही आणि तो बोलतोय किती वेळ! रोझा जपमाळ ओढत होती आणि माझ्या मनात एकच, मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो.

पाद्रीबाबा बाहेर आले तेव्हा त्यांना उंबरा दिसला नाही, ठेचकाळले. मी हात दिला. त्यांनी धरला आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत सोडला नाही.

पास्कूबाबा मेला नाही! रोझानं तीन दिवस चमच्याचमच्यानं मीठ घातलेली पेज पाजली. चौथ्या दिवशी तो उठून बसला, आणि दुसऱ्या रविवारी काठी टेकत आपल्या खालच्या चर्चला गेला. नेहमीसारखाच.

माझी झोप मात्र उडाली. त्याला कुणी सांगितलं तर? शेवटी एका सकाळी तो मिठागराच्या बांधावर बसलेला असताना मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"बाबा, त्या दिवशी मी खोटं बोललो. आत आलेले पाद्री तुमचे नव्हते."

पास्कूबाबा मिठाच्या ढिगाकडे बघत राहिला.

"मना ठाव हाय."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"तो दारात वाकला तवाच."

"मग तुम्ही सगळं सांगितलंत कसं त्यांना?"

"पापं त्याच्याशीच केलेली, मास्तर," तो म्हणाला. "दुसऱ्याला सांगून काय करू?"